तीनशे सत्तेचाळीस

१

सोनगीरचा रुपचंद एकतीस मार्चला दुपारी गेला, आणि दोन एप्रिलला त्याची फाईल गेली. माणूस गेला त्याचा कुणी गवगवा केला नाही. फाईल कपाटात नाही म्हटल्यावर मात्र धुळ्याच्या त्या हॉस्पिटलात पळापळ झाली. हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, अशी बरीच आहेत.

मी कुंदाबाई. सरकारी विमा कंपनीत सव्वीस वर्षं दावे तपासले, मग आरोग्य योजनेच्या तपासणी टेबलावर सहा वर्षं. आता जळगावात स्वतःच्या घरात बसून लोकांवर चिडते. नाकावर राग आहे माझ्या, पण नाक कधी खाली करावं लागलेलं नाही, असं मी या प्रकरणापर्यंत समजत होते.

हेमांगी माझ्याकडे आली तेव्हा चार दिवसांची उपाशी असावी. पोरगी त्या हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर बसते. काम मीच शिकवलंय तिला. सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. हृदयात बसवायच्या प्रत्येक यंत्राला योजनेत एक आकडा असतो, त्याला कोड म्हणतात. कोड बरोबर असेल तर मंजुरी येते, चुकला तर फाईल परत येते. आणि हे कोड स्वस्थ बसत नाहीत. वर्षा-दीड वर्षाने नवी यादी निघते, काल पेसमेकरचा असलेला आकडा उद्या भलत्याच नळीचा होतो. ज्याने यादी वाचली नाही तो मेला. म्हणजे तो मरत नाही, त्याचा पेशंट मरतो.

रुपचंद सव्वीस मार्चला भरती झाला. ठोके तिशीवर आले होते. मांडीतून तात्पुरती तार घालून हृदय चालतं ठेवलं होतं आणि पेसमेकरसाठी योजनेची मंजुरी मागितली होती. सत्तावीसला फाईल मंजुरीला गेली, अठ्ठावीसला ‘कोड चुकीचा’ म्हणून परत आली. परत आल्याचं हेमांगीला कुणी सांगितलंच नाही. ती विचारत राहिली आणि मॅनेजर ‘चौकशी चालू आहे, थांब’ म्हणत राहिला. एकतीसला कूस बदलताना तार सरकली, आणि संपलं. मग सगळं खापर हेमांगीच्या डोक्यावर फुटलं. तिने माफीनामा लिहून दिला होता. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं सुरू होणारा, खाली सही.

सही का केलीस, असं मी ओरडून विचारलं. ती म्हणाली, दिवसाला चाळीस फायली असतात, अक्का, झाली असेल चूक. बरोबर लिहिल्याचं आठवतं, पण आठवण्यावर भरवसा कसा ठेवू? पोलिसांचं किंवा नोकरीचं तिने नावही काढलं नाही.

“मला एवढंच सांगा,” ती म्हणाली, “त्या माणसाला मी मारलं का?”

नोकरी काय, दुसरी मिळते. या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं तर ही पोर जेवली नसती, हे मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मी तिला वरण-भात वाढला. तिने तो कालवला आणि तसाच ठेवला.

आणखी एक सांगायला हवं, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान होता. निवृत्त झाले तरी नव्या याद्या हॉस्पिटलांच्या आधी माझ्याकडे येतात. या वेळीही पंचवीस मार्चलाच मुंबईच्या एका जुन्या मैत्रिणीने कच्च्या यादीचा फोटो पाठवला. कागदाला घडी पडलेली, तीन-चार ओळी पुसट. मी छापून घेतला, वरच्या ओळीपासून क्रम मोजला आणि पुसट आकडे पेन्सिलीने भरले. हातच तसा आहे, रिकामी जागा बघवत नाही. मग त्याचा फोटो काढून, ज्याला पाठवायची सवय होती त्याला पाठवून दिला आणि दाणे भाजायला उठले.

२

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळं गाठलं. मॅनेजर प्रेमराज दारापर्यंत सामोरा आला, वाकून पाया पडला. हाही माझाच चेला. नशिराबादचा, शेतकऱ्याचा मुलगा, बोट धरून आणला होता मी याला या धंद्यात. चहा आला, बिस्किटं आली. म्हणाला, अक्का, तुमच्यामुळे हे हॉस्पिटल कधी मागे पडलं नाही, बाकीच्यांना यादी कळते तेव्हा आमची पाठ झालेली असते. मी फुगले. खोटं कशाला बोलू, फुगले.

फाईल कपाटातून कशी गेली हे त्यालाही ठाऊक नव्हतं. सफाईवाल्यांनी रद्दीत टाकली असेल, म्हणाला. दावा कोण पाठवतं, विचारलं. हेमांगी फाईल तयार करते, त्यावर पेनाने कोड लिहिते, मग तो नजर टाकतो आणि संगणकावरून पाठवलं जातं. कोणाच्या नावाने? तर हेमांगीच्या. तिचा पासवर्ड संगणकाच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेलाच होता. सगळं ऑफिस तिच्याच नावाने आत जायचं. आमच्याकडे हे असंच चालतं. सोय म्हणतात त्याला, आणि एक दिवस त्या सोयीत कोणीतरी सापडतं.

“पोरगी चांगली आहे,” प्रेमराज हळहळून म्हणाला, “पण जुना कोड टाकून बसली. नव्या यादीकडे लक्षच नाही.”

व्हरांड्यात डॉक्टर अखिल भेटले. तरुण, हुशार, सतत घाईत. तारेवर माणूस किती दिवस राहतो, मी विचारलं. चार-पाच दिवस सहज राहतो, शंभरातले नव्व्याण्णव राहतात, म्हणाले, मला विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. कोणी विचारलं, हे मी विचारेपर्यंत त्यांचा फोन वाजला आणि ते जिन्यावर दिसेनासे झाले.

धुळ्याच्या स्टँडवर पारोळ्याकडून जाणारी जळगाव गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले आणि बोटांवर तारखा मोजल्या. नवी यादी लागू झाली एक एप्रिलला. दावा पाठवला सत्तावीस मार्चला. म्हणजे सत्तावीसला जुना कोडच बरोबर होता. जुना कोड टाकला असता तर मंजुरी आली असती.

मग पोरीने जुना कोड टाकला, असं प्रेमराज म्हणाला ते काय?

३

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण एका शितावर कुणाला फासावर चढवत नाहीत. प्रेमराज गोंधळून बोलला असेल, असं मी स्वतःला समजावलं. आपल्या हाताखालचा माणूस, त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ जड होते.

त्यात दुसरा एक होताच. लखीचंदभाऊ. जळगावात त्यांचं औषधांचं मोठं दुकान आणि हृदयाच्या यंत्रांची एजन्सी. यंत्र वेळेवर पोचलं नसेल आणि ते झाकायला फाईल मुद्दाम परत आणवली असेल, तर पाणी इथेच मुरत होतं. शिवाय नव्या याद्या व्यापाऱ्यांनाही लवकर कळतात.

मी गेले तेव्हा ऊन उतरत आलं होतं. भाऊंची पत्नी प्रेमकुंवर आतून दोनदा डोकावून गेली, सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असतं. मी तोंडावर विचारलं, यंत्र उशिरा दिलंत का? ते रागावले नाहीत. माल पोचवल्याच्या चलनाचं पुस्तक काढून पुढे ठेवलं. सव्वीस मार्च, संध्याकाळी सव्वासहा. यंत्राच्या खोक्यावर नंबराची चिकटपट्टी असते, तिचा एक तुकडा चलनावर लावायचा रिवाज आहे. तुकडा लावलेला होता, शेजारी हॉस्पिटलच्या माणसाची पोच-सही होती. रुपचंद ज्या खाटेवर होता तिच्यापासून दोन खोल्या पलीकडे त्याचं यंत्र पाच दिवस कपाटात पडून होतं.

नवी यादी तुम्हाला कधी मिळाली, विचारलं. एकतीसला, छापील, म्हणाले आणि तीही दाखवली. मी चष्मा लावला. पेसमेकरचा नवा कोड तीनशे बावन्न. जुना एकशे बारा होता, तो मला पाठच होता. नव्या यादीत यंत्राला भाव चांगला दिला होता, जुन्यापेक्षा बराच वर.

मी उठले तेव्हा भाऊ म्हणाले, थांबा. जेवणाची वेळ टळत होती तरी ते उठले नाहीत.

“अक्का, प्रेमराजभाऊंचा सत्तावीसला फोन आला होता. म्हणाले, बिल एक तारखेनंतरचं द्या.”

तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं. भाऊंनी चलनाचं पुस्तक मिटलं. “हो म्हणालो,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक आहे. कशाला विचारू?”

४

म्हणजे हेतू कळला. पण हेतूने काही सिद्ध होत नाही. बिल पुढची तारीख घालून मागितलं म्हणून कोड त्यानेच बदलला असं कोण म्हणेल? सत्तावीसला नेमका कोणता आकडा गेला, ते हवं होतं. फाईल नाही. संगणकावर फक्त ‘कोड चुकीचा, परत’ एवढंच उरलं होतं. मग आठवलं. दावा पाठवला की एक पावती छापून निघते आणि ती नातेवाइकाच्या हातात द्यायची असते. हा नियम माझ्याच काळात झाला होता.

सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याच्या गल्लीत रुपचंदचं घर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ठोके देणारा माणूस. शेजारी कोणीतरी घागर ठोकत होतं, त्या आवाजात तानुबाईचं बोलणं मला वाकून ऐकावं लागलं. त्याची बायको. साठीची, कोरडी, डोळ्यांत पाणी नाही. मी कोण ते सांगितलं. तिने पाणी दिलं, अक्का म्हणाली.

हेमांगीचं नाव काढायला मी भीत होते. तीच बोलली. ती पोरगी रोज तीन वेळा खाटेपाशी येऊन विचारपूस करायची, आणि तिनेच मारलं असं साहेब म्हणतात, यातलं खरं काय ते मला कळत नाही, असं तिचं म्हणणं. मी पावतीचं विचारलं.

“बठ्ठा कागद जपी ठेवेल शेतस,” ती अहिराणीत म्हणाली, म्हणजे सगळे जपलेत. “माले वाचता येस नही. कोणता कामना आन् कोणता नही, काय समजस? म्हनीसन एकबी फेकं नही.”

देव्हाऱ्यातल्या डब्यातून तिने पुडकं काढलं. रक्ताच्या तपासणीचे कागद, एसटीची तिकिटं, कँटिनची चहाची चिठ्ठी. त्यात ती पावती होती. तिची घडी तिने वेगळी ठेवली होती, कारण त्यावर नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे असं कोणीतरी तिला वाचून दाखवलं होतं. सत्तावीस मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. खाली कोड.

एकशे बारा नव्हता. म्हणजे जुना नव्हता. मी मनात हसलेसुद्धा, प्रेमराज, सापडलास. मग नीट वाचलं. तीनशे बावन्नही नव्हता.

तीनशे सत्तेचाळीस.

पहिल्या क्षणी मला काही कळेना. जुन्या यादीत हा आकडा पेसमेकरला नाही, नव्या यादीत नाही. मग तो आकडा मी कुठे पाहिला होता ते आठवलं. “हाऊ आकडा काय शे, अक्का?” तानुबाईने विचारलं. तुमच्या मालकाच्या यंत्राचा नंबर, मी म्हटलं. तिला पावती मागितली तर तिने मान हलवली. त्यांचा शेवटचा कागद आहे, फोटो काढून घ्या, पण कागद नाही देणार. मी फोटो काढला आणि बाहेर येऊन किल्ल्याकडे बघत उभी राहिले.

५

घरी येऊन कपाट उघडलं आणि पंचवीस तारखेचा तो छापलेला कागद काढला. घडीच्या खाली, पुसट ओळीवर, माझं अक्षर. पेन्सिलीने. पेसमेकर, तीनशे सत्तेचाळीस. वरच्या ओळीपासून क्रम मोजून मी भरला होता. पक्क्या यादीत मध्ये पाच नवी यंत्रं घातली गेली आणि खरा आकडा पुढे सरकला. म्हणजे तीनशे सत्तेचाळीस हा पेसमेकरचा कोड जगात कुठेच नव्हता. मुंबईत नव्हता, व्यापाऱ्यांकडे नव्हता. तो या कागदावर होता आणि मी ज्या एका माणसाला फोटो पाठवला त्याच्या फोनमध्ये होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. रात्रभर डोळा लागला नाही, ते सांगत बसत नाही.

सकाळी धुळ्याला जाऊन प्रेमराजसमोर मी दोन फोटो ठेवले. एक पावतीचा, एक माझ्या कागदाचा. या वेळी चहा मागवायचं त्याला सुचलं नाही. दोन्ही पाहिले आणि उठून दार लावून घेतलं. मला वाटलं होतं नाकारेल, चोराच्या उलट्या बोंबा मारेल. तसं काही केलं नाही त्याने. ते केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सगळं सरळ सांगितलं. हेमांगीने पेनाने एकशे बारा लिहिला होता. त्याने तिच्या नावाने आत जाऊन तीनशे सत्तेचाळीस टाकला. अजून लागू न झालेला कोड, म्हणजे फाईल परत येणारच. एक तारखेला तोच पुन्हा पाठवला की नव्या भावाने मंजूर. डॉक्टरांना फक्त विचारलं होतं, चार दिवस चालेल का. ते म्हणाले, चालेल. फाईल त्यानेच फाडली, तिच्यावर पोरीच्या हातचा बरोबर आकडा होता म्हणून. पावती शिपायाने परस्पर खाटेपाशी नेऊन दिली होती, तिचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. खेड्यातली बाई, कागद कुठे जपणार. हे नशिराबादच्या शेतकऱ्याचा मुलगा बोलत होता. त्याच्या आईने पेटीत जपलेले कागद मी या डोळ्यांनी पाहिलेत.

“माणूस मरेल असं वाटलं नव्हतं, अक्का,” तो म्हणाला. “आणि युक्ती तर तुमचीच.”

होती माझीच. टेबलावर होते तेव्हा शिकवायची मी या पोरांना: कागद अपुरे असतील तर कोडात चूक ठेवून फाईल पाठवा. नाकारलेली फाईल मरते, परत आलेली जगते. गरिबाचा दावा साफ बुडू नये म्हणून शोधलेली युक्ती होती ती. टाळ्या पडायच्या मला त्या वाक्याला.

“हे बाहेर काढाल तर यादी फोडल्याचं तुमच्यावर येईल,” प्रेमराज म्हणाला. धमकी नव्हती ती. खरंच काळजीने म्हणाला मेला. “तुमचं पेन्शन आहे. पोरीला मी दुसरीकडे लावून देतो.”

मी दोन्ही फोटो उचलले आणि त्याला सांगितलं की पाया पडायला यापुढे येऊ नकोस.

६

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मी योजनेच्या जिल्हा समितीकडे सगळं लिहून दिलं. यादी कशी आली, मी काय भरलं, कोणाला पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रेमराजला रजेवर पाठवलंय, भरपगारी. डॉक्टरांवर काही नाही, त्यांनी फक्त प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. लखीचंदभाऊंचा तर संबंधच काय. माझ्यावर चौकशी बसली आहे, आणि बसायलाच हवी.

हेमांगीला मी घरी बोलावलं. तू एकशे बाराच लिहिला होतास, तुझ्या हातून काही झालं नाही, असं सांगितलं. ती रडली, मग भूक लागली म्हणाली. दोन पोळ्या खाल्ल्या, आणि तिसरी मोडताना थांबली.

“मग तो दुसरा आकडा कोणाचा, अक्का?”

मी सांगितलं. तिने पोळी ताटात ठेवली. ताट स्वतः घासून ठेवलं आणि गेली. त्यानंतर तिचा फोन नाही.

समितीने एकच अट घातली होती. फोटो चालणार नाही, मूळ पावती हवी. ती आली तर माफीनामा रद्द, नाहीतर पोरीच्या नावावर तो कायमचा. म्हणून मी पुन्हा सोनगीरला गेले. गल्लीत ठोके चालूच होते. तानुबाईने पाणी दिलं. पावती घेऊन जाऊ द्या, एका पोरीचं नाव स्वच्छ होईल, मी म्हटलं. ती नाही म्हणाली. पोरीचं वाईट वाटतं, पण हा कागद देवापाशी ठेवलाय, मालकाच्या यंत्राचा नंबर आहे त्यावर, तुम्हीच सांगितलं होतं.

तेव्हा मला तिच्यासमोर खाली बसावं लागलं. यंत्राचा नंबर नाही तो, मी म्हटलं. तसा नंबर कुठेच नाही. घरी बसून पेन्सिलीने मी तो लिहिला होता, मला सगळं आधी कळतं हे दाखवायला. तो एका माणसाने वापरला, आणि तुमचे मालक पाच दिवस तारेवर राहिले. यंत्र तिथेच कपाटात होतं.

तिने सगळं ऐकलं. मग उठून डबा काढला, पुडक्यातून ती एक घडी वेगळी केली आणि बाकीचे कागद होते तसे परत ठेवले. पावती माझ्या हातात न देता जमिनीवर, माझ्यापुढे ठेवली. अक्का म्हणाली नाही.

“मंग लई जा, बाई,” तानुबाई म्हणाली. “हाऊ कागद तुनाच शे.”